तबकडीवरची छाप प्रमाण मानावी काय?

वाचक माउलींनो, अलीकडे जुन्या तबकड्यांचा शोध पुष्कळ होऊ लागला आहे. कोणाच्या वाड्यातल्या पेटाऱ्यातून, कोणा मठाच्या माळ्यावरून, कोणा भजनी मंडळाच्या लाकडी पेटीतून फोनोच्या काळ्या, जड तबकड्या बाहेर निघतात. त्यांत एखादा अभंग निघाला की मंडळींना आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण त्या आनंदाच्या भरात एक विधान हमखास येते. "ही तबकडी अमुक सालची, कारण हिच्यावर देवदूताची छाप आहे." त्या विधानाच्या पाठोपाठ दुसरे येते. "म्हणून हिच्यातली चाल मूळची, बाकीच्या चाली मागाहूनच्या." या दोन विधानांची परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. पहिले विधान काळाचे आहे आणि दुसरे परंपरेचे. पहिले चुकले तर एखाद्या वहीत चुकीचे साल पडेल. दुसरे चुकले तर एका फडाची चाल खोटी ठरेल आणि भावाभावांत वाद लागेल. म्हणून ही परीक्षा हौसेची नाही, गरजेची आहे.

प्रथम पूर्वपक्ष नीट मांडू. समोरच्याचे म्हणणे पुरते न सांगता ते खोडायचे, ही आपली रीत नव्हे. छापेवरून, म्हणजे तबकडीच्या मधल्या गोल कागदावरून, काळ ठरवणारे लोक अंदाजपंचे बोलत नाहीत. त्यांच्या हाती चांगला आधार आहे.

एडिसनने १८७७ साली आवाज साठवणारे यंत्र केले. त्याचे नाव फोनोग्राफ. त्यात आवाज नळकांड्यावर उमटत असे. पुढे १८८७ साली एमिल बर्लिनर यांनी नळकांडे सोडून सपाट तबकडीचा मार्ग काढला, तो ग्रामोफोन. आपल्याकडे दोन्हींना फोनोच म्हणत. बर्लिनरच्या सुरुवातीच्या सात इंची तबकड्यांवर कागद नव्हताच. गाणाऱ्याचे आणि गाण्याचे नाव मधल्या भागात तबकडीच्या अंगावरच कोरलेले असे. विलायतेच्या ग्रामोफोन कंपनीच्या तबकड्यांवर कागदी लेबल आले ते १९०१ च्या सुमारास. तेव्हा कागद नसलेली सात इंची तबकडी हाती आली, तर ती त्या आधीची, हे अनुमान सरळ आहे.

या कंपनीचे चिन्ह १८९८ पासून देवदूताचे होते. पंख असलेला देवदूत तबकडीवर बसला आहे आणि पिसाच्या लेखणीने तिच्यावर लिहितो आहे, असे ते चित्र. डिसेंबर १९०० मध्ये कंपनीने गाण्याच्या यंत्रांबरोबर टंकलेखनाच्या यंत्रांचाही धंदा जोडला आणि आपले नाव ‘ग्रामोफोन अँड टाइपरायटर’ असे केले. टंकयंत्र चालले नाही, गाणे चालले. नोव्हेंबर १९०७ मध्ये नावातून टाइपरायटर गेला. म्हणून ज्या लेबलवर टाइपरायटर हा शब्द आहे, ते साधारण १९०१ ते १९०७ या काळात छापलेले, हेही पक्के धरायला हरकत नाही.

मग आला कुत्रा. आपल्या घराघरांत ‘कुत्रा छाप’ म्हणून ओळखली जाणारी ती तबकडी. फ्रान्सिस बॅरॉड नावाच्या चित्रकाराने निपर या कुत्र्याचे चित्र काढले, ते यंत्राच्या कर्ण्यात कान देऊन ऐकणारे. मूळ चित्रातले यंत्र एडिसनच्या धर्तीचे, नळकांड्याचे होते. १८९९ साली ग्रामोफोन कंपनीने ते चित्र शंभर पौंडांना घेतले, पन्नास चित्राचे आणि पन्नास हक्काचे. अट एकच होती, जुने यंत्र पुसून तिथे आपले तबकडीचे यंत्र रंगवून द्यावे. बॅरॉडने तसे रंगवले. त्या मूळ चित्रात निरखून पाहिले की वरच्या रंगाखाली जुन्या यंत्राची आकृती अजून जाणवते. वाचकांनी ही गोष्ट मनात ठेवावी, ती पुढे कामी येईल. विलायतेतल्या लेबलवर हा कुत्रा १९०९ साली आला आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’ हे शब्द १९१० पासून.

आता आपल्या देशाकडे येऊ. फ्रेड गाइसबर्ग हा कंपनीचा मुद्रक १९०२ साली कलकत्त्यास उतरला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहरजान वगैरे गाणाऱ्यांचे आवाज मेणावर घेतले. ती मेणे जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरी गेली, तिथे तबकड्या निघाल्या आणि १९०३ साली बोटीने इकडे विक्रीस आल्या. कलकत्त्यात सियालदह येथे कंपनीचा कारखाना १९०८ साली निघाला आणि पुढे दमदमचा मोठा कारखाना १९२८ साली. म्हणून लेबलवर हॅनोव्हरचा उल्लेख असला की ती तबकडी बोटीने आलेली, आणि १९१४ च्या महायुद्धाने ती वाट बंद होण्यापूर्वीची, असे म्हणता येते.

इतका पूर्वपक्ष. तो बळकट आहे, हे मान्य करूनच पुढे जावे.

आता सिद्धान्ताकडे वळू. आपल्या शास्त्रात कोणत्याही लक्षणाची परीक्षा तीन दोषांवरून करतात. जे लक्षण ज्याचे सांगितले, त्याच्या बाहेरही आढळले तर अतिव्याप्ती. ज्याचे सांगितले, त्यातल्याच काहींत आढळले नाही तर अव्याप्ती. आणि कोठेच आढळले नाही तर असंभव. गाय ओळखायची ‘शिंगे असलेली’ म्हणून, तर म्हैसही त्यात येते. गाय ओळखायची ‘तांबडी’ म्हणून, तर कपिला सापडली आणि काळी निसटली. लेबलची लक्षणे या कसोटीला लावून पाहू.

‘देवदूत असेल ती १९०९ च्या आधीची.’ हे लक्षण विलायतेच्या कोष्टकातून उचललेले आहे. हिंदुस्थानात कुत्रा विलायतेच्या तारखेने आला नाही. इथे देवदूताची छाप त्यानंतरही काही वर्षे चालू राहिली. म्हणजे विलायतेचे कोष्टक आपल्या पेटीतल्या तबकडीला लावले, तर पाचसहा वर्षांची गफलत सहज होते. आणखी गंमत अशी की १९५३ साली त्याच विलायती घराण्याने अमेरिकेत तबकड्या विकायला काढल्या. तिथे कुत्र्याच्या चित्राचा हक्क दुसऱ्या कंपनीकडे होता, म्हणून जुना देवदूत पुन्हा बाहेर काढला आणि ‘एंजल’ या नावाने त्याच्या छापेच्या तबकड्या निघाल्या. परदेशी राहणाऱ्या एखाद्या नातलगाने तसली तबकडी आणली, तर देवदूत पाहून ती कोणत्या सालची म्हणाल? ही अतिव्याप्ती.

‘एकाच बाजूला गाणे असेल ती जुनी, दोन्ही बाजूंना असेल ती नवी.’ हे पुष्कळदा खरे ठरते, नेहमी ठरत नाही. जर्मनीच्या ओडियन कंपनीने १९०४ सालीच दोन बाजूंच्या तबकड्या विक्रीस काढल्या. या कंपनीच्या लेबलवर पॅरिसच्या ओडियन नाट्यगृहाची इमारत असते. उलट विलायतेत आणि अमेरिकेत बड्या गायकांच्या महाग तबकड्या १९२० नंतरही दोनतीन वर्षे एकतर्फी निघत राहिल्या. गिऱ्हाईक एका गाण्याला दोन गाण्यांचे पैसे देत होते, तर व्यापारी कशाला बदलेल?

‘लेबलचा रंग पाहून काळ कळतो.’ हे तर सर्वांत कच्चे. तांबडे, काळे, जांभळट हे रंग मुख्यतः दर्जा आणि किंमत सांगत. तांबडे लेबल बड्या गायकांचे आणि महाग. याची सुरुवात रशियात १९०१ साली झाली. एकाच दिवशी एकाच कारखान्यातून दोन रंगांच्या तबकड्या निघत. दुकानातल्या कापडाच्या रंगावरून विणकराचे वय सांगण्यासारखे ते आहे.

मग लेबल निरुपयोगी काय? तसे नव्हे. लेबल खोटे बोलत नाही, आपण त्याला नको तो प्रश्न विचारतो. शास्त्रात तटस्थ लक्षण म्हणून एक प्रकार सांगतात. देवदत्ताचे घर कोणते, असे कोणी विचारले की, "तो कावळा बसला आहे ना, ते," असे उत्तर देतात. कावळ्यामुळे घर सापडते, पण कावळा म्हणजे घर नव्हे, आणि तो घराचा भागही नव्हे. क्षणाने तो शेजारच्या कौलावर जाऊन बसेल. लेबल हे असे तटस्थ लक्षण आहे. ते कागदावर छापलेले असते आणि तबकडी कारखान्यात दाबली जाताना तिच्या अंगावर बसते. म्हणून ते सांगून सांगून काय सांगेल? ही प्रत कधीच्या सुमारास निघाली, एवढेच. गाणारा यंत्रासमोर कधी बसला, हे सांगण्याचा त्याला अधिकारच नाही.

या लेखाचे सार हेच. गायनाचा काळ निराळा आणि प्रतीचा काळ निराळा. वारकऱ्याला हे समजायला वेळ लागू नये, कारण आपल्या ग्रंथांच्या बाबतीत आपण हे पिढ्यानपिढ्या जाणतो. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इ.स. १२९० ची. नाथमहाराजांनी तिची शुद्ध प्रत सिद्ध केली ती शके १५०६ साली, म्हणजे १५८४ मध्ये. नाथांच्या प्रतीवरून माउलींचा काळ कोणी सोळाव्या शतकात नेईल काय? तुकोबारायांच्या गाथेची सरकारी आश्रयाने छापलेली आवृत्ती मुंबईत १८६९ साली शंकर पांडुरंग पंडित यांनी सिद्ध केली. तुकोबा वैकुंठाला गेले १६५० साली. मुखपृष्ठावरचे साल छापखान्याचे, अभंग देहूचा. पोथीच्या बाबतीत ज्याला हा भेद कळतो, त्याने तबकडीच्या बाबतीत तो का विसरावा?

तबकड्यांतले एक उदाहरण सर्वांच्या ओळखीचे देतो. मिरजेचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ १९३७ साली गेले. तारुण्यात त्यांनी ग्रामोफोन कंपनीसाठी काही तबकड्या दिल्या होत्या. पण आज ज्या घरोघरी ऐकल्या जातात त्या त्यांच्या अखेरच्या वर्षांतल्या, ओडियन कंपनीने घेतलेल्या. मध्यंतरी या साऱ्या कंपन्या एका छत्राखाली आल्या होत्या, त्यामुळे पुढे तीच गाणी कोलंबियाच्या लेबलखाली निघाली. कोलंबियाची ती तबकडी कागदावरून पाहिली तर खाँसाहेबांच्या पश्चातली. पण आवाज तर त्यांच्या जिवंतपणीचाच असणार! आता एक नवशिका जुन्या ओडियनला "अस्सल" म्हणतो आणि कोलंबियाला "नक्कल". दोन्हींत स्वर एकच आहे. अंगरखा तेवढा निराळा.

मग गायनाचा काळ कशावरून कळेल? तबकडीच्या अंगावरून. गाण्याच्या रेषा संपतात तिथून कागदापर्यंत जी गुळगुळीत काळी पट्टी असते, ती उजेडात तिरपी धरून पाहावी. तिथे बारीक आकडे आणि अक्षरे कोरलेली किंवा उठावाची दिसतील. कधी ती कागदाच्या काठाखाली दडलेली असतात आणि बोट फिरवले की लागतात. हा मुद्रणाचा क्रमांक. गाणे मेणावर घेतले की मुद्रक आपल्या वहीच्या ओळीने तो घालत असे. कोणत्या मुद्रकाने घेतले, हेही जोडीच्या अक्षरावरून कळते. लेबलवर छापलेला विक्रीचा क्रमांक निराळा. एकतर्फी तबकडीतले गाणे पुढे दोन बाजूंच्या तबकडीत घातले, महागाचे स्वस्तात काढले, की विक्रीचा क्रमांक बदले आणि लेबलही बदले. अंगावरचा क्रमांक सहसा तोच राही. बॅरॉडच्या चित्रात वरच्या रंगाखाली जुने यंत्र उरले, तसे इथे नव्या कागदाशेजारी जुने मुद्रण आपली खूण राखून असते. मायकेल किनिअर या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १८९९ ते १९०८ या काळातल्या हिंदुस्थानी मुद्रणांची सूची १९९४ साली ग्रंथरूपाने दिली. तिचे मोल असे की ती चित्रांवर विसंबत नाही, मुद्रणाच्या फेऱ्या आणि क्रमांक यांना धरून चालते.

त्या पट्टीवर आणखीही खुणा असतात. ग्रामोफोन कंपनीने आपल्या नावाची दहा अक्षरे घेतली: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. यांना अनुक्रमे एक ते नऊ आणि शेवटच्याला शून्य अशी किंमत दिली. ही प्रत कितव्या साच्यातून निघाली, ते या अक्षरांत लिहिलेले असते. ‘जी’ एकटे असेल तर पहिला साचा, ‘आर’ असेल तर दुसरा, ‘जीडी’ असेल तर दहावा. आपल्याकडची कटपयादी ज्यांना माहीत आहे, त्यांना हे पाहून हसू येईल. अक्षरांत आकडे लपवण्याची कला साऱ्या जगाला सुचलेली दिसते. दुसरी खूण म्हणजे क्रमांकाशेजारचा छोटा त्रिकोण. १९२५ नंतर विजेच्या ध्वनिग्राहकाने मुद्रण होऊ लागले, त्याची ही खूण या कंपनीने ठेवली. त्याआधी गाणारा कर्ण्यात तोंड घालून ओरडून गाई आणि पखवाज दूर बसवावा लागे. त्रिकोण दिसला की लेबल काहीही म्हणो, ते गायन १९२५ च्या आधीचे असू शकत नाही. एवढा एक त्रिकोण दहा देवदूतांपेक्षा जास्त सांगतो.

काही वर्षांपूर्वी एका सप्ताहात मी पाहिलेली गोष्ट इथे सांगितली पाहिजे. गावांची नावे सांगत नाही, कारण दोन्ही मंडळे आज गुण्यागोविंदाने नांदत आहेत. शेजारशेजारच्या दोन गावांची भजनी मंडळे एकच अभंग दोन चालींत म्हणत. एक मंडळ ध्रुपद वरच्या स्वरात उचले, दुसरे खालून चढवत नेई. दोघांचे म्हणणे एकच, "आमच्या आजोबांनी ही चाल तबकडीवरून घेतली." पहिल्यांकडे देवदूताची एकतर्फी तबकडी होती, दुसऱ्यांकडे कुत्रा छाप दुतर्फी. पहिले म्हणत, "आमची आधीची, म्हणून आमची चाल खरी." दुसरे म्हणत, "तुमच्या तबकडीत काय आहे ते ऐकलंय कोणी?" आणि खरेच, दोन्ही गावांत यंत्र नादुरुस्त होऊन कैक वर्षे लोटली होती. वाद चालला होता तो कागदावरच्या चित्रांचा.

सप्ताहाला आलेल्या एका तरुण शिक्षकांनी दोन्ही तबकड्या दिव्याखाली धरल्या. अंगावरचा क्रमांक दोन्हींवर एकच निघाला, अक्षरासकट. एकाच माणसाने एकाच बैठकीत गायलेले ते गाणे. एक प्रत आधी दाबलेली, दुसरी मागाहून. मग तालुक्याहून चालते यंत्र आणून तबकडी लावली. माउलींनो, तबकडीतली चाल ना या मंडळाच्या मुखातल्या चालीशी पुरती जुळली, ना त्या मंडळाच्या. ध्रुपदाची उचल पहिल्यांसारखी होती, अंतऱ्याचे वळण दुसऱ्यांसारखे होते, आणि काही जागा दोघांनीही आपल्या घातल्या होत्या. वयोवृद्ध विणेकरीबुवा कोपऱ्यात उभे होते. ते म्हणाले, "अरे, चालली म्हणून तर तिला चाल म्हणायचं." त्यावर कोणाला काही बोलता आले नाही.

त्यांच्या बोलण्याचा आधार घेऊन कोणी असे म्हणेल की मग तबकडीची किंमत ती काय? पुष्कळ आहे. तिने त्या दिवशी दोन्ही मंडळांना खोट्या अभिमानातून सोडवले. पण तिच्याही साक्षीची मर्यादा ओळखली पाहिजे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा, बारा इंचीला चारेक मिनिटे. त्यात अभंग बसवायचा म्हणजे चरण गाळावे लागत, लय घाईची घ्यावी लागे. फडावर तोच अभंग अर्धा तास रंगतो. शिवाय फिरण्याची गती. पुढे ती मिनिटाला ७८ फेरे अशी ठरली, पण आरंभीच्या काळात मुद्रणे कमीजास्त गतीने होत. समजा गायन ७२ फेऱ्यांनी घेतले आणि आपण यंत्र ७८ वर ठेवले. पांढरी एकमध्ये गाणारा काळी एक ओलांडून पांढरी दोनच्या दिशेने सरकलेला ऐकू येईल आणि लयही वाढेल. मग आपण म्हणू, "जुने लोक काय उंच पट्टीत गात!" ती उंची गाणाऱ्याची नसते, यंत्राच्या किल्लीची असते.

इथे नाममुद्रेचा विचार करणे योग्य होईल. आपल्या संतांनी अभंगाच्या अखेरच्या चरणात आपले नाव गुंफले. ती मुद्रा अभंगाच्या आतली असते, त्याच्या अर्थाशी आणि छंदाशी एकजीव असते. गमतीची गोष्ट अशी की आरंभीच्या हिंदुस्थानी तबकड्यांतही अशी एक मुद्रा ऐकू येते. गाणे संपले की गाणारी इंग्रजीतून आपले नाव उच्चारते, गौहरजान तर मोठ्या ठसक्यात उच्चारते. हॅनोव्हरच्या कारागिरांना हिंदुस्थानी भाषा कळत नव्हती, त्यांना कोणता कागद कोणत्या तबकडीला लावायचा ते समजावे म्हणून ही योजना होती, असे सांगतात. म्हणजे बाहेरचा कागद आतल्या आवाजाच्या आधाराने चिकटत होता! आपण आज उलट करतो, कागद पाहून आवाजाविषयी बोलतो.

पण आतली मुद्रासुद्धा एकटी पुरत नाही. नामदेवरायांच्या नावाने जे अभंग चालतात, त्यांत त्यांच्या मागाहून झालेल्या विष्णुदास नाम्याचे अभंग मिसळले आहेत, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. तिथे मुद्रा सारखीच, म्हणून भाषा, भाव आणि जुन्या वह्या तपासाव्या लागतात. एका खुणेवर निर्णय नाही. अनेक खुणांनी एकमेकींना दुजोरा दिला की निर्णय. हाच न्याय तबकडीला लावावा. लेबल, कंपनीचे नाव, कारखान्याचा उल्लेख, विक्रीचा क्रमांक, अंगावरचा क्रमांक, त्रिकोण आणि शेवटी कान, अशा साऱ्यांची साक्ष घ्यावी. साक्षी जुळत नसतील तर अंगावरच्या खुणेला अधिक मान द्यावा. आणि तरीही नक्की होत नसेल, तर "अमुक ते अमुक सालांच्या दरम्यान" एवढे म्हणून थांबावे. कीर्तनात वक्त्याला नेमके साल सांगितले की सभा माना डोलावते, हे मला ठाऊक आहे. पण ज्या व्यासपीठावर नारदांची गादी मानतो, तिथून सांगितलेले साल श्रोते घरी नेतात, नातवाला सांगतात. तिथे सोयीचे खोटे चालत नाही.

आता दुसऱ्या विधानाकडे येतो, ‘जुनी म्हणून खरी’. समजा एखादी तबकडी निःसंशय १९०३ ची निघाली. तिच्यातली चाल १९०३ साली कोणी एकाने गायली, एवढेच सिद्ध झाले. त्या दिवसांत कंपनीसमोर जाऊन बसणारे बहुतेक नाटकमंडळ्यांतले किंवा मैफलीतले गाणारे होते. फडावर उभा राहून टाळ वाजवणारा वारकरी त्या कर्ण्यापर्यंत क्वचितच पोहोचला. म्हणून तबकडीवर नसलेली चाल नवी, असा निष्कर्ष निघत नाही. आपल्या चाली मुखातून मुखात आल्या, पायी वाटेवर आल्या, रिंगणात आल्या. त्यांना लेबल नाही, क्रमांक नाही. पण दर एकादशीला त्या पुन्हा म्हटल्या जातात, हीच त्यांची साक्ष. तबकडीने या परंपरेला साहाय्य करावे, तिच्यावर न्यायाधीश होऊन बसू नये.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. ज्यांच्या पेटीत अशा तबकड्या आहेत, त्यांनी त्या भंगारात देऊ नयेत आणि घाईने विकूही नयेत. देवदूत दाखवून किंमत वाढवणारे आणि कुत्रा पाहून किंमत पाडणारे, दोघेही कागदाचाच व्यापार करतात. तबकडी लाखेची असते. लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळलेली असते. म्हणून ती स्पिरिटने कधीही पुसू नये, लाख विरघळते आणि स्वर जातो. कागद ओला करू नये, खरवडू नये, त्यावर मंडळाचा शिक्का मारू नये. तबकड्या आडव्या रचून ठेवू नयेत, उभ्या ठेवाव्यात आणि उन्हात तर मुळीच नकोत. एक वही करावी आणि प्रत्येक तबकडीसाठी तीत एवढे लिहावे: लेबलवरचा सारा मजकूर जसाच्या तसा, विक्रीचा क्रमांक, अंगावरचे आकडे आणि अक्षरे, एकतर्फी की दुतर्फी, आणि ती आपल्याकडे कोणामार्फत आली. सालाच्या रकान्यात घाईने काही भरू नये. तो रकाना कोरा राहिला तरी चालेल. पुढे जाणणारा कोणी भेटेल तो भरील. चुकीचा भरलेला मात्र कोणी पुन्हा तपासत नाही.

टिळा आणि माळ पाहून आपण वारकरी ओळखतो, आणि तसे ओळखणे चूक नाही. पण माणूस कळतो तो त्याच्याबरोबर चार मुक्काम चालल्यावर. तबकडीचेही तसेच. आधी कागद पाहावा, मग तिचे अंग निरखावे, मग शांत बसून ऐकावे, आणि त्यानंतर बोलावे.

राम कृष्ण हरि.